घरटं बांधतो कोण, नाव कोणाचं?

'सर्जनशीलता' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, याचा संबंध सर्जनशी, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरशी असणार. हसू नका! दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीचं मराठी घरी आजीशी बोलण्यापुरतं आणि पेपरात पास होण्यापुरतं असतं. आमच्या शाळेत या गोष्टीला 'क्रिएटिव्ह' म्हणायचे, आणि क्रिएटिव्ह कोण, तर क्राफ्टच्या तासाला ज्याचा थर्माकोलचा किल्ला सुबक होतो तो. माझा किल्ला नेहमी एका बाजूला कललेला. त्यामुळे आपण काही क्रिएटिव्ह नाही, आपण अभ्यास करणाऱ्यातल्या, हे मी पाचवीतच ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी मात्र गंमत झाली. आमच्या ग्रुपला प्रोजेक्ट प्रदर्शनात 'नावीन्या'साठी दुसरं बक्षीस मिळालं. सर्टिफिकेटवर चार नावं, त्यातलं एक माझं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, आईने पेढे वाटले, आणि मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न सतावतोय. माणूस सर्जनशील नक्की कशाने होतो, आणि तो तसा आहे हे बाकीच्यांना कळतं कसं? बक्षिसाची पूर्ण गोष्ट शेवटी सांगते. आधी या प्रश्नाबद्दल जे वाचलं आणि जे आमच्या अलिबागच्या परिसरातच सापडलं, ते सांगते.

नवं, आणि शिवाय कामाचं

मानसशास्त्रवाल्यांची व्याख्या अगदी साधी आहे. जे नवं आहे आणि त्या ठिकाणी उपयोगीही आहे, ते सर्जनशील. नुसतं नवं असून चालत नाही. मी पायात हातमोजे घालून कॉलेजला आले तर ते नवं आहे, पण त्याला कोणी सर्जनशील म्हणणार नाही. नुसतं उपयोगी असूनही चालत नाही, कारण मग दर वर्षीची झेरॉक्स असाइनमेंटही त्यात बसली असती.

या विषयाचा अभ्यास जोरात सुरू झाला तो १९५० नंतर. त्या वर्षी जे. पी. गिलफर्ड हे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी अध्यक्षीय भाषणच या विषयावर केलं. त्यांचं म्हणणं असं की बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं, आणि एका प्रश्नाला पुष्कळ उत्तरं शोधण्याची ताकद त्यात मोजलीच जात नाही. मग 'विटेचे किती उपयोग सांगता येतील?' अशा चाचण्या आल्या. १९६६ मध्ये टॉरन्स यांनी आपली प्रसिद्ध चाचणी काढली. त्यात साधारण चार गोष्टी बघतात: किती उत्तरं दिली, ती किती निरनिराळ्या प्रकारची आहेत, इतरांना न सुचलेली किती, आणि सुचलेलं किती तपशिलात फुलवलं.

मी घरी आजीला विटेचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आधी सांग, वीट नवी आहे का जुनी? आणि आपल्याकडे किती आहेत?" चाचणीत या उत्तराला मार्क नाहीत. पण माझ्या मते तिने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट केली. तिने प्रश्नालाच प्रश्न विचारला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

किहीमला आलेला बेकार माणूस

अलिबागहून रेवसकडे जाताना वाटेत किहीमचा फाटा लागतो. शनिवार-रविवारी तिथे मुंबईच्या गाड्यांची रांग असते. आमचं गाव तिथून सायकलने दहा मिनिटांवर. याच किहीमला १९३० मध्ये एक माणूस बायकोबरोबर राहायला आला, कारण त्याची नोकरी गेली होती. त्याचं नाव सलीम अली.

तेव्हा ते काही 'पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली' नव्हते. विद्यापीठाची पदवी हातात नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली जागा मिळाली नव्हती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगण्याची गाइड लेक्चररची नोकरी होती. तिथून रजा घेऊन ते जर्मनीला बर्लिनच्या म्युझियममध्ये एर्विन श्ट्रेझमन यांच्याकडे शिकून आले, आणि परत येऊन बघतात तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. वय तेहतीस-चौतीस. आपल्याकडे अशा वेळी नातेवाईक काय बोलतात ते मी सांगायला नको.

किहीमला पावसाळ्यात त्यांना घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत दिसली. सुगरण आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. माडाला, शिंदीला किंवा पाण्यावर झुकलेल्या बाभळीला उलट्या सुरईसारखी घरटी लटकलेली असतात. गवताच्या आणि भाताच्या पातीच्या लांब पट्ट्या चोचीने ओढून काढायच्या आणि विणत जायचं. एका घरट्याला शेकडो फेऱ्या होतात. आत कुठेकुठे ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले असतात. त्या मातीत सुगरण काजवे खोवून घरात दिवा लावते, अशी गोष्ट आजीने मला लहानपणी सांगितली होती आणि ती मला अजूनही खरी असावीशी वाटते. पण ती खरी नाही.

सलीम अली काय करत होते? ते बघत बसले. रोज. कुठला पक्षी काय करतो, किती वेळ करतो, कोण येतं, कोण जातं, सगळं टिपून ठेवलं. त्यातून जे निघालं ते असं. घरटं बांधतो तो नर. तो ते अर्ध्यावर आणून ठेवतो, त्या वेळी ते हेल्मेटसारखं दिसतं. मग माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं तर ती ते ताब्यात घेते, आणि नर खालची लांब नळी विणून घर पूर्ण करतो. ती अंडी उबवायला बसली की हे महाशय शेजारी दुसरं घर बांधायला घेतात आणि दुसऱ्या मादीची वाट बघतात. ज्या घरट्यांना पसंती मिळत नाही ती तशीच अर्धवट राहतात. झाडावर इतकी अर्धवट घरटी का, या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा हा लेख आला. पुढे १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण हे सगळं झालं. पण बक्षिसं नंतरची. आधी होता तो एक बेकार माणूस आणि गावातल्या प्रत्येकाने हजार वेळा पाहिलेलं झाड.

मला यातली खरी गोष्ट ही वाटते: सुगरण किहीमच्या सगळ्यांना दिसत होती, प्रश्न एकालाच दिसला.

प्रश्न सापडणं हीच अर्धी लढाई

यावर एक छान प्रयोग झालेला आहे. शिकागोमध्ये गेट्झेल्स आणि चिकसेंटमिहाय या दोघांनी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे टेबलावर बऱ्याच वस्तू ठेवल्या आणि सांगितलं, यातल्या हव्या त्या घेऊन मांडा आणि चित्र काढा. काहींनी पटकन दोन-तीन वस्तू उचलल्या आणि कामाला लागले. काही जण वस्तू हातात घेऊन, फिरवून, परत ठेवून, पुन्हा मांडून बराच वेळ घालवत राहिले. तज्ज्ञांनी चित्रं पाहिली तेव्हा या दुसऱ्या गटाची चित्रं जास्त स्वतंत्र ठरली. इतकंच नाही, काही वर्षांनी चित्रकार म्हणून टिकलेल्यांतही तेच पुढे होते. १९७६ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे जर्नलचं पहिलं पान उघडल्याबरोबर 'एम' लिहून मोकळे होणारे आपण कुठल्या गटात, ते ज्याने त्याने ठरवावं.

आपल्या इंजिनियरिंगला जवळचं उदाहरण हवं असेल तर अलिबागची वेधशाळा बघा. समुद्रावर कुलाबा किल्ला बघायला जाता तेव्हा तुम्ही तिच्याजवळून जाता. मुंबईत कुलाब्याला १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह जमिनीतून परत जाताना आसपासचं चुंबकीय क्षेत्र बिघडवणार, आणि नोंदी निरुपयोगी होणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभाई मूस, या पदावरचे पहिले भारतीय. ट्राम येण्याआधीच उपकरणं अलिबागला हलवायचं ठरलं. इमारत चुंबकीय नसलेल्या साहित्याची केली, म्हणजे आपल्यासारखे सळया टाकून मोकळे झाले नाहीत. आणि सगळ्यात हुशारीचा भाग असा की १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक कळला आणि जुनी नोंदमालिका न तुटता नव्या जागी पुढे चालू राहिली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

यात कुठलंही नवं यंत्र नाही. पण अजून न आलेली अडचण आज दिसणं, हे सर्जनशील नाही तर काय?

मग 'युरेका' कधी होतं?

ग्रॅहम वॉलस या ब्रिटिश लेखकाने १९२६ मध्ये चार टप्पे सांगितले होते. आधी तयारी, म्हणजे विषयात बुडून माहिती गोळा करणं. मग मुरवण, म्हणजे विषय बाजूला ठेवणं. वरून काही होत नाही पण आत चालू असतं, लोणच्यासारखं. मग एकदम सुचणं. आणि शेवटी तपासणी, सुचलेलं खरंच चालतं का ते बघणं. सिनेमात फक्त तिसरा टप्पा दाखवतात, कारण त्यात बॅकग्राउंड म्युझिक टाकता येतं.

तयारीचं महत्त्व सुगरणीच्या आफ्रिकेतल्या भावकीनेही दाखवून दिलंय. निकोलस आणि एल्सी कोलियस या दांपत्याने तिथल्या विणकर पक्ष्यांचे तरुण नर विणायच्या साहित्यापासून दूर वाढवले. नंतर साहित्य दिल्यावर त्यांना नीट विणता येईना. ज्यांना लहानपणापासून पाती ओढायला, गाठी मारायला मिळाल्या होत्या, त्यांना जमलं. म्हणजे ज्या कामाला आपण 'जन्मजात' म्हणतो त्यातही सराव असतो. तेव्हा 'मी मुळात क्रिएटिव्ह नाही' हे माझं पाचवीतलं वाक्य मी मागे घेते.

ओळखायचं कसं?

इथे खरी अडचण सुरू होते. तापासारखं थर्मामीटर लावून सर्जनशीलता मोजता येत नाही. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये एक व्यवहारी मार्ग मांडला. त्या विषयातले जाणकार घ्या, त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नका, आणि प्रत्येकाने स्वतःच्या अंदाजाने कामाला गुण द्यावेत. सगळ्यांचे गुण साधारण जुळले आणि ते चांगलेही असले तर ते काम सर्जनशील समजा. त्यांचाच एक प्रयोग मजेशीर आहे. सात ते अकरा वर्षांच्या मुलींना कागदाची चित्रं चिकटवायला दिली. एका गटाला सांगितलं की चांगल्या चित्रांना बक्षिसं आहेत, दुसऱ्या गटाला सांगितलं की बक्षिसं चिठ्ठ्या टाकून देणार. स्पर्धेच्या गटाची चित्रं चित्रकारांना कमी सर्जनशील वाटली. बक्षिसाकडे डोळा गेला की हात सुरक्षित काम करायला लागतो.

चिकसेंटमिहाय यांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली. सर्जनशीलता एकट्या माणसाच्या डोक्यात नसते. एक माणूस, एक विषय, आणि त्या विषयात 'हे चांगलं' असं ठरवणारी मंडळी, अशा तिघांत मिळून ती असते. तिसरा कोपरा नसेल तर पहिले दोन असूनही कोणाला पत्ता लागत नाही.

बहिणाबाई चौधरींचं तसंच होता होता राहिलं. जळगावजवळच्या असोद्यात १८८० मध्ये जन्म, लिहिणं-वाचणं येत नाही, जात्यावर आणि शेतात काम करताना कविता तोंडून यायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून घरच्यांनी त्या उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. कविता तर आधीपासून होत्या. वही आणि अत्रे नसते तर आज शाळेत आपण काय पाठ केलं असतं?

आणि बघा, बहिणाबाईंचीही एक कविता सुगरणीच्या घरट्यावरच आहे. त्यात घरटं विणणारी आई आहे, पिलांसाठी घर करणारी. नर घरटं बांधतो हे कळल्यावर मी आजीला जोरात सांगायला गेले की कविता चुकली! आजी शांतपणे म्हणाली, "घर बांधलं असेल त्याने. आत अंडी कोण उबवतं?" मी गप्प. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. पक्ष्याचं नावच आपण 'सुगरण' ठेवलंय, स्त्रीलिंगी. विणतो एक आणि नाव होतं दुसऱ्याचं. आणि एकदम मला आमचं सर्टिफिकेट आठवलं.

आता बक्षिसाची गोष्ट

आमच्या शेजारच्या काकांची नारळी-पोफळीची वाडी आहे. विहीर समुद्रापासून फार लांब नाही. अशा विहिरीत जमिनीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खाऱ्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर हिशोब असा येतो की गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली की खाऱ्याची सीमा तत्त्वतः सुमारे ४० फूट वर चढते. पुस्तकात याला घायबेन-हर्झबर्ग संबंध म्हणतात. काकांना हे नाव माहीत नाही. पण त्यांनी दोन उन्हाळे रोज संध्याकाळी विहिरीचं पाणी जिभेला लावून बघितलं, आणि तळापासूनच्या चौथ्या दगडी थराखाली पाणी गेलं की ते मचूळ होतं, हे शोधलं. मचूळ पाण्याने पोफळी खराब होतात.

मग त्यांनी एक प्लॅस्टिकचा डबा वाळूने अर्धा भरून दोरीने विहिरीत सोडला. दोरी वर सायकलच्या चाकावरून घेतली आणि टोकाला एक लोखंडी पट्टी. पाणी असेपर्यंत डबा तरंगतो, दोरी सैल. पाणी त्या थरापर्यंत उतरलं की डबा लोंबकळतो, दोरीला ओढ बसते आणि पट्टी स्टार्टरचं लाल बटण दाबते. मोटार बंद. खर्च जवळजवळ शून्य.

आम्ही काय केलं? डबा काढला आणि फ्लोट सेन्सर लावला. सायकलचं चाक काढलं आणि आर्डुइनो, रिले, मोबाइलवर मेसेज असं सगळं जोडलं. प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, "पंप कोरडा चालू नये म्हणून बरेच जण प्रोजेक्ट करतात. तुम्ही खाऱ्या पाण्याची पातळी धरलीत, हे वेगळं आहे. कसं सुचलं?"

मी म्हटलं, "सर, आम्ही गावात सर्व्हे केला."

सर्व्हे! दोन उन्हाळ्यांची एका माणसाची जीभ, तिला मी सर्व्हे म्हणाले. ज्या एका गोष्टीसाठी बक्षीस मिळालं, तीच आमची नव्हती.

महिनाभर टाळून शेवटी मी सर्टिफिकेट आणि मॉडेल घेऊन काकांकडे गेले आणि जे बोलले ते तसंच सांगितलं. ते रागावले नाहीत. मॉडेल हातात घेऊन बराच वेळ इकडून तिकडून बघत बसले (शिकागोवाला दुसरा गट आठवा). मग म्हणाले, "लाइट दोनदा गेली-आली तर ह्याला आठवतं का, पाणी कुठे होतं ते?"

आम्ही हे तपासलंच नव्हतं. वायर काढून परत लावली तर बोर्ड चालू होईपर्यंत रिले एकदा 'टक्' करून लागला. म्हणजे विहीर उतरलेली असतानाही मोटार सुरू झाली असती. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. डब्याला लाइट लागतच नाही. चार भावी इंजिनियर आणि परीक्षक यांच्या नजरेतून सुटलेली चूक काकांनी पाच मिनिटांत काढली. आता आम्ही सर्किट बदललंय, आणि लाइट आल्यावर दोन मिनिटं थांबून, पातळी बघून मगच मोटार लागते.

मी विचारलं, "काका, रिपोर्टवर तुमचं नाव टाकू?"

ते म्हणाले, "नावाचं तू बघ. पण सर्व्हे केला म्हणू नका."

रिपोर्टच्या पहिल्या पानावर आता 'मूळ कल्पना आणि निरीक्षण' म्हणून त्यांचं नाव आहे. सर्टिफिकेट काही बदलत नाही, ते आमच्या भिंतीवर तसंच आहे, आणि आई पाहुण्यांना दाखवते तेव्हा मला अजून कसंतरी होतं.

तर मित्रांनो, सर्जनशील माणूस ओळखायचा कसा, याचं माझ्यापुरतं उत्तर असं. त्याने काय बनवलं ते बघाच, पण त्याला कुठला प्रश्न दिसला ते आधी बघा. तो त्या प्रश्नापाशी किती दिवस बसला ते बघा. आणि ओळखणारा कोपरा नेहमी परीक्षकांचाच असतो असं नाही, तो आपलाही असतो. आपल्या प्रत्येकाच्या गावात, वाडीत, वर्कशॉपमध्ये असा एखादा डबा लटकतोय, ज्याचा कागद कोणी केलेला नाही. या वर्षी व्हायव्हात 'कसं सुचलं?' असं विचारलं, तर ज्याला सुचलं त्याचं नाव सांगा. मार्क कमी होणार नाहीत. झाले तर होऊ देत.

(मराठी शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. आजीने तपासलंय, पण तिचा चष्मा बदलायला झालाय.)

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन